फसलेल्या वस्तूंची फळी

टर्नरच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी. सांभाळायला घरात माणूस हवं म्हणून मुलीचे सासरे आपल्या घराला कुलूप लावून तिच्याकडे राहायला आले. त्यांची बायको आधीच गेलेली. आयुष्यभर एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढलेला माणूस. बाळं झोपली की त्यांना घर खायला उठायचं.

"बाबा, त्यांना तुमच्या क्लबात न्या ना," मुलगी म्हणाली. "तेवढीच चार माणसं भेटतील त्यांना, आणि मला माझं स्वयंपाकघर परत मिळेल. काल त्यांनी सगळ्या डब्यांना नंबर घातलेत."

बाबा हसले आणि बरं म्हणाले. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा असतो, तेव्हा माणसाला असंच हसू येतं.

बाबांना सगळे टर्नर म्हणत. चाळीस वर्षं लेथवर धातू कातण्यात गेलेली. अकरा वर्षांपूर्वी त्यानं आणि वायरमननं मिळून हा क्लब काढला होता. रंगाच्या दुकानामागची एक खोली, दोन टेबलं, एक जुना लेथ, आणि भिंतीवर हत्यारं. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचीच आकृती रंगवलेली, म्हणजे काय जागेवर नाही ते दारातूनच कळावं. वस्तू करून बघण्याची हौस असलेली तेरा माणसं तिथं जमत. खोलीची किल्ली टर्नरच्या कमरेला असे.

जमायचा वार रविवार, पण वेळ कधीच ठरलेली नसायची. दुकानदाराचा माल उतरला की खोली मोकळी. म्हणून शनिवारी टर्नर सायकल काढायचा आणि घरोघर जाऊन वेळ सांगायचा. अक्षर त्याला उशिरा, चाळिशी उलटल्यावर आलेलं. कागदापेक्षा तोंडावर त्याचा भरवसा जास्त. प्रत्येक दारात "या टर्नर, बसा टर्नर" व्हायचं, चहा व्हायचा. लेथ सुटल्यापासून गावात त्याला ओळख होती ती या फेरीची. ती गेली असती तर तो नुसता एक म्हातारा उरला असता.

क्लबात एक फळी होती. फसलेली वस्तू तिथं ठेवायची, आणि ठेवताना काय चुकलं ते सभेत मोठ्यानं सांगायचं. सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. नंतर हवं तेवढं. शिंपीणबाईंची न उघडणारी छत्री तिथं होती, वायरमनची झटका देणारी घंटा होती. टर्नरची एकही वस्तू नव्हती. अकरा वर्षांत एकही नाही. तो हे कुणाला सांगत नसे, पण कुणी विसरू नये याची काळजी घेई.

व्याही पहिल्याच रविवारी हातानं केलेली लाकडी मोजपट्टी घेऊन आले आणि सरळ फळीवर ठेवली. "पूर्ण झाल्यावर कळलं," ते म्हणाले, "अकरानंतर मी तेरा लिहिलाय." सगळे पोट धरून हसले. शिंपीणबाईंनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

त्या दिवसांत सगळ्यांनी मिळून एक मोठं काम घेतलं होतं. इस्पितळात मुलांच्या खोलीत लावायला एक भिंत. दांडा फिरवला की चेंडू वर चढणार, आणि घरंगळत, वळणं घेत, घंटा वाजवत खाली येणार. प्रत्येकानं एक तुकडा करायचा. कुणाचा तुकडा किती उंचीवर बसेल ते टर्नर आपल्या गाठी मारलेल्या दोरीनं ठरवायचा. व्याह्यांनी दोरी बघितली, मान डोलावली, आणि पुढच्या रविवारी चौकटीच्या कागदावर अख्खी भिंत काढून आणली. सगळे कागदावर वाकले. दोरी टर्नरच्या हातात तशीच लोंबत राहिली.

"आणि वेळ कळवायला हे एवढं घरोघर कशाला?" व्याही म्हणाले. "फोनवर ग्रुप करू. एक निरोप, चौदा माणसं. टर्नरसाहेबांचे पाय तरी वाचतील."

"हे मात्र बरं होईल," वायरमन म्हणाला. पुढच्या सभेत ठरवू, असं ठरलं.

घरी टर्नरनं ताट बाजूला सारलं.

"जळताय तुम्ही," बायको म्हणाली.

"मी? मी कशाला जळू?"

"मग करपल्याचा वास कुठून येतोय? चूल तर मी कधीच विझवली."

शनिवारी टर्नरनं बारा दारांत तीनची वेळ सांगितली. शेवटचं घर मुलीचं. व्याही एका खांद्यावर नात, दुसऱ्या खांद्यावर नातू घेऊन दारात आले. दोन्ही बाळं त्यांच्याकडे शांत होती. टर्नरनं हात पुढे केला तर नात भोकाड पसरून रडली.

"उद्या किती वाजता?" व्याह्यांनी विचारलं.

"पाच," टर्नर म्हणाला. शब्द तोंडातून गेला आणि त्यानं तो परत बोलावला नाही.

रविवारी तीनला सगळे जमले. "व्याही कुठंयत?" शिंपीणबाईंनी तीनदा विचारलं. "अडकले असतील बाळांत," टर्नर म्हणाला. नकाशा व्याह्यांकडे, म्हणून तुकडे दोरीनं बसवले. चेंडू सोडला. शिंपीणबाईंच्या कापडी बोगद्यातून तो बाहेर आला आणि टर्नरनं केलेल्या पितळी गोगलगाईच्या तोंडाशी अडून बसला. पाच वेळा सोडला, पाच वेळा तिथंच. फोनचा विषय निघाला, पण ज्यानं काढला तोच नाही, म्हणून राहिला. साडेचारला पांगापांग झाली.

बरोबर पाचला व्याही आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, काखेत कागदाची गुंडाळी. त्यांनी पालथे घातलेले ओले कप बघितले, मग टर्नरकडे.

"झाली वाटतं सभा."

"झाली." टर्नरची नजर झाडूवर.

व्याह्यांनी नकाशाची गुंडाळी टेबलावर ठेवली. चेंडू उचलला, सोडला, अडला तिथं बोट लावलं. "तुमची गोगलगाय बोटभर वर बसलीय." दोघांनी स्क्रू सैल करून ती खाली घेतली. चेंडू सुटला, वळला, घंटा वाजवून तळाशी आला. टर्नरला तो आवाज कानाखाली वाजवल्यासारखा लागला.

पुढच्या सभेत टर्नर अंग चोरून बसला होता. व्याही उठले आणि आपला सुंदर नकाशा फसलेल्या वस्तूंच्या फळीवर ठेवला. "सभा तीनला होती, मी पाचला उगवलो. ज्याला वेळेवर येता येत नाही त्यानं फोनच्या गप्पा मारू नयेत. फेरीच बरी." लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. चुकीला टाळ्या! टर्नरची किल्ली राहिली, फेरी राहिली, आणि पोटातली आगही राहिली. चूक आपली, आणि मोठेपणा व्याह्यांचा. तोही त्यांनीच पळवला.

भिंत इस्पितळात लागली. वर्षं गेली. व्याही शनिवारी टर्नरबरोबर फेरीला येऊ लागले. कधी टर्नर एकटा गेला की दारात लोक विचारत, "आज व्याही नाहीत?" तेव्हा चहा कडू लागे.

जुळी तिसरीत गेली त्या वर्षी व्याह्यांचं फुप्फुस थकलं. त्यांनी खाट धरली. एका शनिवारी टर्नर त्यांच्या उशाशी बसला. ते येणार नव्हते, तरी म्हणाला, "उद्या तीनला."

"तीन की पाच?" व्याह्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

टर्नरनं खुर्ची जवळ ओढली. "तेव्हाच कळलं होतं?"

"कप मोजले ना मी. तेरा. म्हणजे मी सोडून सगळे आलेले."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"सूनबाईच्या बापाला चारचौघांत उघडं पाडून घरी जेवायला कुठल्या तोंडानं बसलो असतो? शिवाय तिच्या हातचं मला आवडतं." त्यांना धाप लागली. थांबून म्हणाले, "आणि मलाही तुमचा हेवा वाटायचा हो. माझ्या नकाशावर चाळीस वर्षं यंत्रं चालली, पण दार उघडून 'या, बसा' मला कुणी म्हटलं नाही. ग्रुप केला असता, तर तुम्हालाही कुणी म्हटलं नसतं. ते मला तेव्हा बरंच वाटलं असतं."

उठताना टर्नरनं व्याह्यांचं पांघरूण नीट केलं, जमेल तसं.

रविवारी तीनला सभा भरली. टर्नरनं गाठींची दोरी फळीवर ठेवली. अकरा आणि आठ, एकोणीस वर्षांतली त्याची पहिली वस्तू. "चूक नुसती दोरीची नाही," तो म्हणाला. "तीनची सभा होती आणि मी व्याह्यांना पाच सांगितले. मुद्दाम." सांगून झालं तरी कुणी हसलं नाही. कमरेची किल्ली सोडून त्यानं शिंपीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती बघितली आणि परत त्याच्याकडे सरकवली. "ते नंतर. आधी हे त्यांना जाऊन सांगा," त्या म्हणाल्या.

तो गेला. सांगितलं. व्याह्यांनी विचारलं, "टाळ्या पडल्या का?"

"नाही."

"मला पडल्या होत्या," व्याही म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

व्याही त्यानंतरच्या मंगळवारी, ऑगस्टच्या नऊ तारखेला, सकाळी सव्वासातला वारले. जुळी तेव्हा शाळेला निघाली होती.