समुद्राकडचा उतार

समुद्राकडचा तो उतार वाऱ्यानं कायम झाडून निघालेला असतो, जादा बर्फ तिथं साचत नाही. म्हणूनच माझ्या सासरची माणसं दर गुड फ्रायडेला तिथून निर्धास्त स्की करत उतरतात. पण त्या आठवड्यात वारा समुद्रावरून आलाच नव्हता. तो डोंगरापलीकडून आला होता आणि येताना तिकडचं बर्फ उचलून त्यानं नेमकं याच उतारावर आणून टाकलं होतं.

आम्ही तिघं उताराच्या माथ्याशी, खिंडीत पोचलो तेव्हा स्कीखालचं बर्फ 'हूंफ' करून खचलं. रिकाम्या खोलीत कोणी गादी आपटावी तसा आवाज. माझ्या पायाशी एक बारीक चीर उमटली आणि सरसरत पुढे गेली.

"आइविंद, मागे फिरू या," मी नवऱ्याला म्हटलं.

सासरे, ओदमुंड, संत्रं सोलत होते. "झालं हिचं सुरू! अगं, बर्फानं ढेकर दिला तरी तुला धडकी भरते."

"वारा पूर्वेचा होता, ओदमुंड. सकाळच्या हिमस्खलनाच्या इशाऱ्यातही हे उतार टाळा म्हणून सांगितलंय."

"इशारा देणारा शहरात खुर्ची गरम करतोय. मी इथं लहानाचा मोठा झालोय."

"मागे फिरण्यात लाज नाही, हे शाळेत तुम्हीच शिकवायचात ना मुलांना?"

"मुलांना!" ते खो खो हसले. मग आइविंदकडे वळले. "काय रे, तूही निघालास वाटतं? जा बाबा, लंगोट बदलायची वेळ झाली असेल."

आइविंद एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. आमची छोटी लेक तूवा खाली केबिनमध्ये आजीपाशी होती.

"तिला बाप एकच आहे," मी हळूच म्हटलं.

तो वळला. कान लाल झाले होते त्याचे. "बाबा, तुम्हीही चला ना."

"तुम्ही पोचेपर्यंत माझी कॉफी पिऊन होईल!"

आम्ही धारेवरून, बर्चच्या झाडांतून उतरलो. पायथ्याशी येऊन वर पाहिलं, तर ओदमुंड निघालेच होते. दोन सुंदर वळणं घेतली त्यांनी. तिसऱ्याला उतार मधोमध फाटला. अर्धा भाग फरशीसारखा तुकडे होत खाली आला, त्यांना घेऊन. मग धुरळा बसला आणि काहीच हलेना.

आइविंदनं छातीवरचं, बर्फाखालच्या माणसाच्या यंत्राचा संकेत पकडणारं शोधयंत्र काढलं. ते लगेच वाजू लागलं. म्हणजे ओदमुंड जवळच होते. पण उरलेला अर्धा उतार डोक्यावर तसाच लटकत होता.

मी त्याच्या पाठपिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"सोड!"

"वर बघ आधी. तो सुटला तर?"

"माझे बाबा आहेत तिथं!"

"आणि तू तूवाचा आहेस."

त्यानं मला ढकललं. मी पडले, पण पट्टा सोडला नाही. तो माझ्या दुप्पट ताकदीचा आहे. एका हिसक्यात सुटला असता. सुटला नाही. हे मला माहीत आहे आणि त्यालाही.

शोधयंत्र त्याच्या हातात वाजत राहिलं, फोनवरून बोलावलेलं बचावपथकाचं हेलिकॉप्टर येईपर्यंत.

ओदमुंड हातभर खोलीवर सापडले, फक्त हातभर. तोंडाभोवती बर्फाची पातळ काच झाली होती. ती श्वासानं होते आणि व्हायला वेळ लागतो.

दफनानंतर सगळ्यांना कॉफी देताना सासूबाई माझ्यापाशी थांबल्या. "पट्टा चांगलाच मजबूत होता म्हणे," म्हणाल्या आणि माझा कप न भरताच पुढे गेल्या.

उरलेला अर्धा उतार सुटलाच नाही. आइविंद रोज उठून घराच्या खिडकीतून तो बघायचा. मे संपता संपता बर्फ जागच्या जागी वितळून तिथं काळा खडक दिसायला लागला.

"आलं नाही खाली," तूवाच्या पावावर चीज ठेवत तो म्हणाला.

"येऊ शकलं असतं."

"हो."

तूवानं माझ्याकडे हात पसरले. त्यानं तिला उचललं आणि माझ्या शेजारून शेजघरात घेऊन गेला. आतून कडी लागल्याचा आवाज आला.