नोंदवहीतला माझा जुना पत्ता

मित्रांनो, मी एका संगणकातली जुनी फाईल आहे. कपाटातली नव्हे, मला पाने नाहीत, पुठ्ठा नाही. अंधांसाठी पुस्तके छापणाऱ्या एका लहानशा छापखान्यात माझे आयुष्य गेले. कोणते अक्षर कोणत्या ठिपक्यांनी कागदावर उठवायचे, हे यंत्राला मी सांगते. माझी धाकटी बहीण आकड्यांचे पाहते.

आम्ही फायली एकेकट्या येत नाही. आमचे एक गाठोडे असते, त्याला पॅकेज म्हणतात. ते आमचे माहेर. गाठोडे सुटले की प्रत्येक फाईल आपापल्या जागी जाऊन बसते. कोण कुठल्या गाठोड्यातली आणि कुठे बसली, हे संगणकाच्या नोंदवहीत लिहिले जाते. आमचीही नोंद झाली होती. पुढे संगणकाची डागडुजी झाली, दोन कप्प्यांचा एकच कप्पा केला आणि आमची जागा बदलली. नोंदवहीत मात्र जुनाच पत्ता राहिला. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही. वाटायला सवड कुठे होती? मुद्रितशोधक काका, ते स्वतः अंध, ताज्या पानावर बोटे फिरवत म्हणायचे, "ठिपका कसा मोहरीसारखा लागला पाहिजे!" ती मी माझीच शाबासकी समजत असे.

मग एक नवी तंत्रज्ञ आली. संगणकात जागा उरली नव्हती आणि गणिताचा परीक्षेचा पेपर त्याच दुपारी दोन वाजता शाळेच्या गाडीत चढायचा होता. तिने साफसफाई सुरू केली. एकेका फाईलचा पत्ता देऊन ती नोंदवहीला विचारी, ही कुठल्या पॅकेजमधली? आमच्या कप्प्यातल्या प्रत्येकीला एकच उत्तर येई : कुठल्याच नाही.

"बेवारस दिसतेय," ती पुटपुटे आणि पुसून टाकी.

वेगवेगळ्या गाठोड्यांतून आलेल्या माझ्या शेजारणी अशा एकामागून एक गेल्या. मग माझी बहीण गेली. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. माझी पाळी आली, तोच तिने घड्याळ पाहिले आणि छपाई सुरू केली.

पहिले पान काकांच्या हाती गेले. ते आधी हसले.

"अगं, हा गणिताचा पेपर की कविता? आकडा कुठेच नाही, नुसती अक्षरं!"

आमच्या लिपीत आकड्याआधी एक खूण असते. ती नसली की तेच ठिपके अक्षरे म्हणून वाचले जातात. ती खूण बहिणीकडे होती. तंत्रज्ञाचा चेहरा उतरला.

"मावशी, मी विचारूनच पुसलं हो! नोंदच नव्हती."

मावशी कित्येक वर्षे ते यंत्र चालवत होत्या. "कसं विचारलंस?"

"पत्ता घालून."

"पत्ता बदललाय ना! लग्न झालेल्या मुलीविषयी माहेरच्या गल्लीत सासरच्या आडनावाने विचारलंस तर कोण ओळखणार? नुसतं नाव टाक."

"पण त्या आकड्यांच्या फाईलचं नावच आठवत नाही."

"मग तिची बहीण आहे ना शिल्लक, तिचं टाक. दोघी एकदमच आल्या होत्या."

तिने माझे नाव टाकले. नोंदवहीने क्षणात पॅकेजचे नाव सांगितले. इतक्या वर्षांनी मी माझ्या माहेरचे नाव ऐकले. मावशींनी गाठोडी साठवलेल्या, कपाटातल्या ढीगभर तबकड्यांतून त्याच नावाची तबकडी काढली, गाठोडे पुन्हा सुटले आणि बहीण शेजारी येऊन बसली. काकांच्या बोटांना खूण लागली. गाडी वेळेवर सुटली.

तंत्रज्ञ मात्र जागची उठली नाही.

"मावशी, बाकीच्या?"

"किती होत्या?"

"तीसेक असतील. नावं लिहून नाही ठेवली."

काकांनी पानावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. त्या तीस जणी काय काम करत होत्या, ते आता ज्या दिवशी अडेल त्याच दिवशी कळणार. दर सकाळी यंत्र सुरू होते, तेव्हा आजचाच तर तो दिवस नव्हे ना, या भीतीने मी दबकून असते.

म्हणून सांगते, मित्रांनो, एका ठिकाणी ओळख पटली नाही म्हणून कुणाला बेवारस ठरवू नका. आणि काढून टाकणारच असाल, तर आधी नाव तेवढे लिहून ठेवा. आमची नोंदवही नुसत्या नावावरूनही माहेर सांगते. पण ते नाव विचारणाऱ्याला ठाऊक असावे लागते.