बारा माणसांचा कबाना

कबाना म्हणजे नेमकं काय, हे कळेपर्यंत तात्यांना अन्न गोड लागणार नव्हतं. स्वभावच चौकस. कराडात कुणी बोअर मारली, तर पाणी कितीवर लागलं हे विचारायला जाणार. शेजाऱ्यांकडे नवा फ्रीज आला, तर मागच्या बाजूला वाकून बघणार. त्यात सांगलीला असलेल्या त्यांच्या मुलानं, शंभूराजनं, सगळ्या घराला मोठ्या जहाजातून फिरवून आणायचा बेत काढला. पाच दिवस जहाजावर आणि त्यातला एक अख्खा दिवस एका बेटावर, समुद्राच्या काठी, कबान्यात.

"म्हंजे मांडवच की," तात्या म्हणाले.

"मांडवच, पण छोटा," सून समीक्षा म्हणाली. "तीन बाजूंनी पडदे, समोर समुद्र. आत गाद्यांचे बाक. दिवसभर तिथंच बसायचं, पोहायचं, लोळायचं."

"किती माणूस बसतंय?"

"बारा म्हणतायत."

"म्हणतायत म्हंजे काय? बघून आलंय का कोण?"

तात्यांचं म्हणणं साधं होतं. लग्नाचं कार्यालय ठरवताना आपण आधी जाऊन बघतो की नाही? नळ किती, सावली कुठल्या बाजूला, जेवणाचा हॉल केवढा, सगळं डोळ्यांखालून घालतो. मग हेच न बघता कसं ठरवायचं? त्यांनी सांगलीच्या एजंटाला फोन लावून, "कबाना बघायला कवा येऊ?" असं विचारलंसुद्धा. एजंट बिचारा म्हणाला, बघायला जहाजातनंच जावं लागेल.

तात्यांना हा उत्साह उगीच नव्हता. घरात माणसं बारा. तात्या आणि त्यांची बायको अंजना. शंभूराज, समीक्षा आणि त्यांची दोन पोरं. म्हसवडला दुकान असलेला तात्यांचा धाकटा भाऊ महेंद्र, त्याची बायको रेश्मा, त्यांची मुलगी पिंकी, जावई आणि नातू. शिवाय तात्यांची विधवा बहीण रंगुबाई. हे सगळे एका छपराखाली निवांत बसलेत, असं तात्यांनी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. लग्नात, जत्रेत सगळे यायचे, पण कोण नारळ आणायला पळालेला, कोण पाहुण्यांना सोडायला गेलेला. आता शंभूराज म्हणत होता, दाटी होईल, दोन कबाने घेऊ. दोन घेतले की एकात तरणी आणि एकात म्हातारी, हे तात्यांना दिसतच होतं. त्यांना एकच हवा होता. त्यांचं सगळं मन त्या एका गोष्टीत अडकलं होतं.

रविवारी सगळे कराडला जमले. संध्याकाळी सहापर्यंत एजंटाला फॉर्म पाठवायचा होता. दुपारी तीनला तात्यांनी घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टेप टाकला आणि पायाची आखणी करतात तशी चुन्याची फक्की मारली. एजंटानं सांगितलेलं माप, आठ फूट बाय दहा फूट, एक बाजू उघडी. पांढऱ्या रेघांचा चौकोन तयार झाला. आत तीन बाजूंना सतरंज्या टाकल्या.

"हा समुद्र," त्यांनी पलीकडच्या बाभळीकडे हात केला. "चला, बसा सगळे."

पोरं खिदळत आत पळाली. जावईबापू लाजत एका कोपऱ्यात टेकले. रंगुबाई गुडघे धरून बसता बसता म्हणाल्या, "वारं ब्येस हाय गं बाई समुद्राचं." सगळे हसले. तात्या टेप हातात घेऊन चौकोनाभोवती फिरले, मग स्वतः आत जाऊन बसले, पाय पसरून बघितले. पाय पसरून वर वीतभर जागा उरली.

"बघ!" ते शंभूराजवर उखडलेच. "म्हणं दोन घ्या! ऐसपैस हाय की लेका! पायजे तर आजून एक पाव्हणा बसंल."

शंभूराजनं हात टेकले. समीक्षानं मोबाइलवर फॉर्म उघडला. कबाना, एक. तात्यांचा जीव भांड्यात पडला.

"जेवणारे किती?" तिनं विचारलं.

"धा."

"दहा कसे? आपण बारा आहोत."

आता तात्यांचा हातखंडा विषय आला. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून भागातल्या लग्नांच्या पंगतींचा हिशेब तेच करत. पाचशे माणसांना तांदूळ किती, हे ते आकाशाकडे बघून सांगत आणि शेराचाही फरक पडत नसे. सुनेला शिकवायची संधी त्यांनी सोडली नाही. "आगं, पंगत धरताना वाढणारी माणसं धरायची न्हाईत. ती मागनं बसत्यात. बारातनं अंजना आन् रेश्मा गेल्या, राह्यले धा. बसायला बी धा, पानं बी धा."

समीक्षानं फक्त फक्कीच्या रेघेबाहेर बघितलं. तात्यांनीही बघितलं.

तिथं अंजना चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिच्या मागे रेश्मा बिस्किटांची ताटली घेऊन. दोघी मघापासून तिथंच उभ्या होत्या. 'सगळे बसा' म्हटल्यावर त्या बसल्या नव्हत्या, आणि त्या बसल्या नाहीत हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. वीतभर जागा उरली होती ती त्यांच्यामुळं.

"तिथं वाढायला जहाजाची माणसं आहेत, तात्या," समीक्षा हळूच म्हणाली. "आणि दुसरी पंगत नाही. एकदाच जेवण येतं."

"असूं दे की," अंजनाच म्हणाली. "त्यांचं बराबर हाय. आमाला कुटं बसायचं असतंय? हिंडू की वाळूत. आन् दोन घास काय, कुणाच्या बी ताटातलं खाऊ."

ती हे अगदी मोकळ्या मनानं म्हणाली, आणि म्हणूनच तात्यांना ते जास्त लागलं. त्यांनी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला, खाली ठेवला आणि म्हणाले, "बस. रेश्मा, तू बी बस गं."

दोघी आत आल्या आणि ऐसपैसपणा संपला. गुडघ्याला गुडघे लागले. जावईबापूंची मांडी रेघेवर गेली. "म्हटलं होतं ना, दाटी होणार," शंभूराज पुटपुटला. मग रंगुबाईच खेकसल्या, "सरका की जरा! पोरांना घ्या मांडीवर. काय राजवाड्यात वाढलाय व्हय रं सगळे?" सगळे सरकले. बारा माणसं बसली. दाटीनं बसली, पण एका छपराखाली बसली.

"एकच ऱ्हाऊ दे," शंभूराज म्हणाला. "आन् पानं बारा लिही."

पुढचा रकाना होता, कुणाला काय खायला हवं. तात्या पुन्हा रंगात आले. "रंगूला तिखट चालत न्हाई, मऊ भात लिही. शंभूराजला मासा. महेंद्रला कांदा नगं. जावईबापू शाकाहारी. पिंकीला नूडल्स. रेश्माला चिकन, पर रस्सा दाट पायजे." एकामागून एक, न अडखळता. मग अंजनाचं नाव आलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हिला... हिला काय बी चालतंय," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. एक्केचाळीस वर्षं झाली होती लग्नाला. अख्ख्या गावाच्या जिभा त्यांना पाठ होत्या आणि बायकोला काय आवडतं हे माहीत नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ते तिच्याकडे वळले. "अंजना, तुला काय आवडतं गं?"

"मला?" ती हसली. "उरंल ते."

"तिथं उरत न्हाई. तुझं ताट तुझ्याम्होरं येणार. सांग."

अंजनानं पदराला हात पुसले. बराच वेळ विचार केला. हसू हळूहळू मावळलं. "खरं सांगू? मलाच म्हाईत न्हाई. कवा इचारच केला न्हाई." मग तिनं मान पुढं काढून मोबाइलकडे बघितलं. "काय काय हाय त्यांच्यात?"

तात्यांनी चष्मा लावला, मोबाइल घेतला आणि यादी वाचायला लागले. ती प्रत्येक ओळीला थांबवत होती. अननस घातलेला भात? मग तो ग्वाड लागतोय का तिखट? शहाळ्याची आमटी? नारळाची म्हाईत हाय, शहाळ्याची कशी करत्यात? भाजलेली कोळंबी सालासकट खायाची का काढून? ठाऊक होतं ते समीक्षा सांगत होती, नव्हतं तिथं खांदे उडवत होती. यादी चाळीस-बेचाळीस पदार्थांची. संपली तेव्हा सहाला दहा मिनिटं होती आणि शंभूराजची चुळबुळ सुरू झाली होती.

"आई, कायतरी एक सांगून टाक. वेळ संपतोय."

"तू गप बस रं," अंजना म्हणाली आणि नवऱ्याच्या आणखी जवळ सरकून बसली. "आवं, पयल्यापासनं वाचा परत. नीट, सावकाश वाचा."

तात्यांनी यादी वर सरकवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.