साडेबारा टनांची टेस्ट

सागरगड क्रेन्सला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि कंपनीचा इतिहास छापायचा ठरला होता. त्यासाठी निशा नावाची एक मुलगी नवीन पनवेलच्या फ्लॅटवर आली, तेव्हा काशिराम कोळ्यांना मनापासून बरं वाटलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी निवांत बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगा जीवन त्याच कंपनीत सर्व्हिस विभागात होता, पण तो रात्री उशिरा यायचा आणि जेवून झोपायचा. सून आणि नातू आपापल्या व्यापात असायचे. निशाने मोबाइल टीपॉयवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाली, "काका, अगदी पहिल्यापासून सांगा."

काशिराम सांगत सुटले. पंचाहत्तर साली कंपनीचे मालक रिसबूडसाहेब मोऱ्याच्या बंदरावर, धक्क्यावर आले होते. पनवेलच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी हाताने ओढायच्या साखळीच्या कप्प्या बनवायला नुकती सुरुवात केली होती. धक्क्यावर एक होडी डागडुजीसाठी वर घ्यायची होती. बावीस वर्षांचा काशिराम दोर कुठे अडकवायचा, कोणी कधी ताण द्यायचा, हे दहा माणसांना ओरडून सांगत होता. साहेब तासभर उन्हात उभे राहिले. होडी वर आल्यावर म्हणाले, "माझ्याकडे डिग्री आहे, पण दोराची अक्कल तुझ्या हाताला आहे. येतोस?"

"असा मी खलाशी झालो, बाय," काशिराम हसत म्हणाले. "तसा दर्यावरचा होतोच. पण क्रेनच्या कारखान्यातपण जड लोखंड बांधून उचलणाऱ्याला खलाशीच बोलतात."

मग पहिली दोन टनांची क्रेन, ती भाताच्या गिरणीत बसवताना मोडलेली भिंत, पहिली विजेवर चालणारी क्रेन, साहेबांनी स्वतः रंग मारलेला तिचा गर्डर. कामगारांबरोबर जमिनीवर बसून डबा खाणारे साहेब. काशिरामला खलाशाचा फोरमन करणारे साहेब. निशा मध्येमध्ये मान हलवत होती. शेवटी तिने पर्समधून एक कागद काढला.

"आता सुरक्षेबद्दल. शीर्षक आहे, 'पन्नास वर्षं, शून्य अपघात'. हे कसं साधलं तुम्ही लोकांनी?"

काशिराम त्या कागदाकडे बघत राहिले. तिला वाटलं, त्यांना प्रश्न ऐकू आला नाही. तिने परत विचारला.

"शून्य कुणी लिवला?" ते म्हणाले.

"ऑफिसच्या रेकॉर्डवरून घेतलंय."

"शुक्रा वाघे म्हणून एक हेल्पर होता आमच्याकडं. नेऱ्याच्या बाजूचा. कातकरी." त्यांनी मोबाइलकडे बघितलं. "चालू हाय ना? मंग राहू दे चालू."

एकोणतीस वर्षांत त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत दहा टनांची क्रेन तयार झाली होती. दूरच्या एका पोलाद कारखान्याची ती मागणी. ही क्रेन पसंत पडली, तर पुढच्या वीस क्रेन सागरगडलाच मिळणार होत्या. दहा टनांच्या क्रेनने गिऱ्हाइकाच्या माणसांसमोर साडेबारा टन उचलून दाखवावे लागतात. बिडाचे ठोकळे एकावर एक रचून तेवढं वजन केलं होतं. सकाळी काशिरामने एकदा उचलून बघितलं आणि बटण सोडलं. वजन जागच्या जागी थांबायला हवं होतं. ते चार बोटं खाली घसरलं आणि मग थांबलं. पुन्हा उचललं, पुन्हा घसरलं. या वेळी सहा बोटं.

तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब स्वतः आले, शिडी लावून वर चढले, ब्रेक बघितला.

"ब्रेकच्या लायनरला तेल लागलंय, म्हणून पकडत नाही. बदलायला किती वेळ?"

"अर्धा दिवस, साहेब."

"पाहुणे अकराला येतायत. मुंबईहून निघालेत ते." साहेबांनी रुमालाने हात पुसले. "हळू उचल. फार वर नेऊ नकोस. उद्या बदलू."

अकराला पाहुणे आले. काशिरामच्या हातात बटणांची पेटी होती. वजन हळूहळू वर गेलं. कमरेएवढं, मग छातीएवढं. ते थोडं फिरायला लागलं, म्हणून शुक्राने खालून बांधलेला दोर धरून ते सरळ केलं. पण दोर खालच्या ठोकळ्याच्या कोपऱ्याला अडकला होता. पाहुण्यांतल्या एकाने घड्याळ बघितलं. काशिराम ओरडला, "शुक्रा, दोर मोकळा कर."

शुक्रा वाकला. एक पाऊल आत टाकलं.

"बटणावर माझा हात नव्हता," काशिराम निशाला म्हणाले. "मी ते सोडलेलं होतं. तरी वजन आलं. या वेळी थांबलंच नाय."

निशाने तोंडावर हात धरला होता.

"साहेब जमिनीवर बसले. ते काय नाटक नव्हतं. पण संध्याकाळी पोलीस यायच्या आधी मला केबिनमध्ये बोलावलं. बोलले, काशिराम, बटण तुझ्या हातात होतं, त्याला आत तूच पाठवलास. खरं सांगितलंस तर आधी तू आत जाशील. मग मी." काशिरामांनी आपल्या तळहाताकडे बघितलं. "ते खोटं बोलत नव्हते, बाय. म्हणून तर मी सही केली."

जबाब असा झाला, की शुक्रा दारू प्यायलेला होता आणि मनाई असताना वजनाखाली गेला. कातकरी म्हटल्यावर पोलिसांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. शुक्रा ठेकेदाराचा माणूस होता, त्यामुळे कंपनीच्या कागदांवर तो कधी आलाच नाही. तांदळाचं पोतं आणि दोन लुगडी घेऊन काशिराम वाडीवर गेला होता. शुक्राच्या बायकोच्या कडेवर सहा महिन्यांची पोर होती. त्याने पोतं दारात ठेवलं आणि मान वर न करता परत फिरला. पुढच्या महिन्यात वीस क्रेनची ऑर्डर आली.

"त्या ऑर्डरवर अख्खं प्रकरण आहे पुस्तकात," निशा हळू आवाजात म्हणाली.

चौथ्या दिवशी रिसबूडसाहेबांचा मुलगा सुशांत घरी आला. साहेब जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि कंपनी आता त्याच्याकडे होती. त्याने पेढ्यांचा बॉक्स आणला होता. वाकून काशिरामांच्या पाया पडला. जीवन शेजारी अवघडून बसला होता.

"काका, मला हे माहीतच नव्हतं," सुशांत म्हणाला. "बाबांनी कधी सांगितलं नाही. रेकॉर्डिंग ऐकून वाईट वाटलं. पण आता बाबा नाहीत. शिक्षा कोणाला होणार? तुम्हाला? या वयात?"

"शून्य लिवू नका. एवढंच बोलतो."

"आम्ही आता बाहेरच्या देशात क्रेन पाठवतोय. तिथे पहिला प्रश्न अपघातांचाच विचारतात. चारशे माणसं आहेत कंपनीत. आणि जीवनला सर्व्हिस मॅनेजर करायचं चाललंय, ते तुम्हाला बोललाच असेल."

जीवनने त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सुशांत गेल्यावर त्याने दार लावलं आणि तिथेच पाठ टेकून उभा राहिला.

"बाबा, तुम्ही एकोणतीस वर्षं गप्प बसलात. आणखी थोडी बसा."

मुलगा बोलला त्यात चूक काढायला जागा नव्हती. शुक्रा गेला तेव्हा जीवन अकरा वर्षांचा होता. तुरुंगात जायचा नुसता विचार आला, की काशिरामांना या पोराचं दप्तर आठवायचं. पोराच्या नावावर ते गप्प बसले होते आणि आता तोच पोरगा त्यांना गप्प बसायला सांगत होता.

निशाला त्यांनी फोन केला. तिने तिसऱ्यांदा उचलला. "काका, मी रेकॉर्डिंग डिलीट केलं," ती म्हणाली. "सांगितलं मला करायला. सॉरी." मग तिने फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी काशिराम नेऱ्याच्या बसमध्ये बसले. वाडी त्यांच्या आठवणीत होती तिथे नव्हती. जिथे माळ होता, तिथे फार्महाउसच्या भिंती आल्या होत्या आणि वाडी डोंगराच्या कडेला आणखी वर सरकली होती. दोघातिघांना विचारत ते चढले. शुक्राची बायको चिंधी दारात बसून सरपणाच्या काटक्या मोडत होती. केस पांढरे झालेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. तरी तिनेच त्यांना आधी ओळखलं.

"तू कंपनीतला. तांदूल घेऊन आल्ता तो."

काशिराम तिच्यासमोर जमिनीवर बसले. येताना मनात बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरले. ब्रेकपासून सहीपर्यंत जसं घडलं तसं सांगितलं. मध्येच तिची मुलगी दिपा घरातून बाहेर आली आणि खांबाला धरून ऐकू लागली. चिंधीचे हात काटक्यांवर तसेच राहिले होते.

"मंग तो प्यालेला नव्हता?" तिने विचारलं.

"नाय. शुद्धीत होता. मी सांगितलं ते काम करत होता."

तिने हातातली काटकी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तो प्यायचा. सणावाराला, बाजाराच्या दिशी. कामाव जाताना नाय. त्या दिशी सकालला माज्या हातची भाकर खाऊन गेला. तोंडाला वास नव्हता, मना ठाव होतं. मी बोलत होती सगल्यांना. पन पोलीस बोलला, कागदाव लिवलाय. ठेकेदार बोलला. वाडीतली मानसं पन बोलली. मंग मी पन तेच धरलं."

तिने दिपाकडे बोट केलं. "ही रडली का मी बोलायची, रडू नको, तुजा बाप ढोसून मेला. हिच्या लग्नात पाहुन्यांनी इचारलं, तवा पन तेच बोलली. मेलेल्या मानसाला मी इतकी वर्सं शिव्या घातल्या."

"मी तुझ्या पाया पडतो," काशिराम म्हणाले.

"नको पडू." तिने काटकी मोडली. "मना एकटीला सांगून काय? कागदाव लिवलं होतं ना? मंग कागदावच लिव. शिक्का मारून आन."

घरी येऊन काशिरामांनी दोन दिवस घालून तीन पानं लिहिली. अक्षर वाकडं आलं, शुद्धलेखन चुकलं, पण तारीख, वेळ, साहेबांचं बोलणं, स्वतःचं ओरडणं, सगळं लिहिलं. त्यांची एक प्रत काढून ते पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला.

"आजोबा, शहाण्णवची फाइल आता कुठून आणू? मालक वारला म्हणता. तुम्हालाच अडकवायचं आहे का स्वतःला?"

"अडकवा."

"घरी कोणी आहे का तुमच्या? मुलाला बोलवा."

"मुलगा हाय. पण अर्ज माझा हाय. घ्या आणि पोच द्या."

ते बाकावर बसून राहिले. दुपारचे तीन वाजले, तेव्हा एका हवालदाराला कंटाळा आला आणि त्याने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून सही केली. त्या अर्जावर पुढे कोणी काही केलं नाही. काशिरामांना कोणी बोलावलंही नाही.

कंपनीत मात्र ते कळलं. त्याच आठवड्यात जीवनची बदली छत्तीसगडच्या एका साइटवर झाली. त्याने राजीनामा दिला आणि गुजरातमध्ये एका छोट्या कंपनीत नोकरी धरली. बायकोमुलांना घेऊन निघाला, त्या दिवशी सामान टेम्पोत भरताना त्याने वडिलांना हात लावू दिला नाही. गाडीत बसताना म्हणाला, "फ्लॅटचं पाणी सकाळी सातलाच येतं. बादल्या भरून ठेवत जा." काशिराम जिन्यात उभे राहिले. नातवाने काचेतून हात केला.

पन्नास वर्षांचा समारंभ थाटात झाला. काशिरामांना आमंत्रण नव्हतं. पुस्तक त्यांनी एका जुन्या खलाशाकडे बघितलं. जाड, गुळगुळीत कागदाचं. त्यात होडी वर ओढणाऱ्या मोऱ्याच्या माणसांचा एक फोटो होता आणि त्याखाली 'स्थानिक मच्छीमार' असं लिहिलं होतं. शून्य होतं तसंच होतं.

शिक्क्याची प्रत घेऊन ते पुन्हा नेऱ्याला गेले. चिंधीने वाडीतल्या माणसांना बोलावून आणलं. दहा-बारा जण जमले. म्हातारे दोघेच होते, ज्यांनी शुक्राला बघितलं होतं. दिपा सातवीपर्यंत शिकली होती. तिने कागद हातात घेतला आणि अडखळत वाचायला सुरुवात केली. चिंधी तिच्या शेजारी उकिडवी बसली. काशिराम थोडे लांब, चिंचेखाली उभे होते. त्यांना कोणी बस म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही.

दिपा वाचत गेली. ब्रेक, लायनर, पाहुणे, दोर. "'मी काशिराम कोळी याने त्याला आत जायला सांगितले. मी खोटी सही केली,'" तिने वाचलं. एक तरुण पोरगा उठून काशिरामांच्या दिशेने दोन पावलं आला. चिंधीने हात आडवा केला आणि तो थांबला.

"'शुक्रा लहानू वाघे हा त्या दिवशी दारू प्यायलेला नव्हता,'" दिपाने वाचलं.

"परत वाच," चिंधी म्हणाली.

दिपाने परत वाचलं.

"मोठ्यानं वाच. त्याला तिकडं ऐकू गेलं नसंल." आणि तिने मागच्या बाजूच्या, कानाला कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याकडे हात केला.

दिपाने तिसऱ्यांदा वाचलं. म्हाताऱ्याने मान हलवली. काशिराम उभेच होते.