हेमलता नेर्लेकर, मंगळवार पेठ
रविवारी सकाळी दूध आणताना पावसात भिजलो आणि माझ्या मानेवर नाव उमटलं. स्टीलच्या भांड्यांवर घालतात तसंच, बारीक ठिपक्यांचं. आईने टॉवेलने घासून पाहिलं, मग चष्मा लावून वाचलं.

"सौ. हेमलता नेर्लेकर, मंगळवार पेठ."

हेमाकाकू म्हणजे माझा मित्र इंद्रजीत याची आई. लग्न झाल्यावर इंद्रजीत उजळाईवाडीला राहायला गेला आणि काकूंच्या घरी आमचं जाणं सुटलं.

"म्हणजे तू त्यांचा," आई म्हणाली. "नाव ज्याचं, वस्तू त्याच्या घरी. दुसऱ्याचं भांडं आपल्याकडे राहिलेलं मला चालत नाही. आजच्या आज परत देऊन ये."

"काय देऊन येऊ?"

"तुला."

मी सांगितलं की आज मला इंद्रजीत आणि तौफिकबरोबर रंकाळ्यावर कणीस खायचंय, फक्त दोघंही शुक्रवारपासून फोन उचलत नाहीत. आईने ते ऐकलं नाही. ती साखरेचा डबा घेऊन आली.

"आ कर. रिकामा गेलास तर काय म्हणतील त्या."

तिने दोन्ही गालांत तीन-तीन चमचे साखर भरली. "सांडायची नाही, गिळायची नाही. माझी मान खाली जाईल असं काही करू नकोस."

बावड्याहून बस पकडली. कंडक्टरने माझी मान वाचली आणि लगेजचं तिकीट फाडलं. मागची अर्धी बस रिकामी होती, पण मी उभाच राहिलो, लगेजला सीट नसते. एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "काय मकरंद, काय चाललंय?" मी मान हलवली. ते म्हणाले, "छान, छान."

काकूंनी दार उघडलं. "आलास व्हय. पाय पूस." मग माझी हनुवटी धरून तोंडात डोकावल्या. "भरून पाठवलाय. आईचं वळण चांगलं आहे हो तुझ्या." आणि मला उचलून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं.

तिथे इंद्रजीत होता. त्याच्यात छातीपर्यंत तौफिक बसला होता. काकूंनी मला तौफिकमध्ये ठेवलं. मी बरोबर बसलो. थोडं फिरवून दाबावं लागलं एवढंच.

"झाला सेट," काकू म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

"मी शुक्रवारपासून आहे," तौफिक माझ्या पाठीमागून म्हणाला. "जेवण एक नंबर. फक्त इंद्या खालून ढेकर देतोय, ती माझ्यातनं वर येते."

"आई, तू नुसतं बोलावलं असतंस तरी आलो असतो," इंद्रजीत खालून म्हणाला.

"चार महिने बोलावत होते," काकू म्हणाल्या. "येतो, बघतो, पुढच्या आठवड्यात. मग मी पावसाला सांगितलं."

इंद्रजीतने तौफिकला "तू सांग" म्हटलं, तौफिकने मला. माझ्याकडे तर साखर होती.

थोड्या वेळाने इंद्रजीत हळूच म्हणाला, "बारा वाजता तांबटमामा येणारेत. तारीख घालायला. नाव एकवेळ घासून जातं मक्या, पण खाली तारीख पडली की वस्तू त्या माणसाची, कायमची. मग आपण फळीवरून फक्त सणावाराला खाली."

घड्याळात बाराला दहा कमी होते.

तांबटमामा वेळेवर आले. त्यांनी छत्री मोरीत उभी केली, नावं घालायचं मशीन बोर्डाला लावलं आणि पेन हातात घेतलं. पेन गुणगुणायला लागलं.

"कुणी सांगेल ते घालतो," मामा म्हणाले. "विचार करत नाही. एकदा केला होता, तेव्हा हे बोट गेलं." त्यांनी बोट दाखवलं. ते खरंच नव्हतं. "वरच्यापासून घेऊया."

वरचा मी होतो. त्यांनी माझी कॉलर दुमडली. पेनाचं टोक मानेला गार लागलं.

"तारीख सांगा ताई."

काकू हात पुसत कॅलेंडरकडे गेल्या. तेवढ्यात मी सगळी साखर गिळली. तिकडे बावड्यात आईची मान खाली गेली असणार, पण माझा नाइलाज होता.

"मामा, आधी भिंतीवर घाला," मी म्हणालो.

"कुठल्या?"

"ह्याच. घराच्या."

"काय घालू?"

"इंद्रजीत, तौफिक आणि मकरंद यांचे."

"तारीख?"

"आजची."

मामांनी विचार केला नाही. खिडकीतून अर्धे बाहेर वाकून त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर उंच अक्षरं घातली, खाली तारीख टाकली आणि फुंकर मारली. काकू हातात भाकरी घेऊन ते बघत राहिल्या.

"मग मी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"आतलं सगळं घराबरोबर," मामा म्हणाले.

"म्हणजे मीपण येणार."

"हो काकू."

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली आणि केसांवरून कंगवा फिरवला. आता घर आमचंच असल्यामुळे फळीवरून उतरायला कुणाला विचारायची गरज नव्हती. आम्ही एकमेकांतून निघालो, आधी मी, मग तौफिक. इंद्रजीतने दोन दिवसांनी पाय ताणले.

तेवढ्यात घर सरकलं. ओल्या ओट्यावर गरम वाटी आपोआप सरकते, तसं. आम्ही तिघंही दुसरीकडे राहत होतो आणि वस्तू नाव ज्याचं त्याच्या घरी जाते.

मंगळवार पेठेतले लोक गॅलऱ्यांत आले. पाऊस भिंतीवर आपटत होता आणि आमची नावं चकाकत होती. तालमीची पोरं मोटारसायकली घेऊन पुढे झाली आणि हॉर्न वाजवत वाट मोकळी करू लागली. एका बँडवाल्याच्या दुकानात सराव चालला होता, ते लोक ट्रंपेटवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मागे चालू लागले. समोरून आलेला ट्रक पाठीमागे गेला. ट्रक आमच्यासाठी पाठीमागे जाताना मी पहिल्यांदाच बघत होतो. तौफिकने दारात उभं राहून सगळ्यांना हात केले. तांबटमामाही बरोबर होते, कारण त्यांचा प्लग आमच्या बोर्डात होता. काकू खिडकीतून, निवडून आल्यासारख्या, दोन्ही बाजूंना नमस्कार करत होत्या.

"आई, भिजशील. मान आत घे," इंद्रजीत म्हणाला.

"तुझी घे," काकू म्हणाल्या. "भाकरी उलट तेवढी."

त्याने उलटली.

बिंदू चौकात घर थांबलं. बँडही थांबला. ट्रॅफिक पोलीस शिट्टी तोंडात धरून भिंतीपाशी आला आणि त्याने तिन्ही नावं तारखेसकट वाचली.

"कुठं जायचंय?"

"बावडा," मी म्हणालो.

"उजळाईवाडी," इंद्रजीत म्हणाला.

"रंकाळ्याच्या मागं," तौफिक म्हणाला.

पोलिसाने मागची सगळी वाहतूक अडवली. मग चौकाच्या मधोमध उभं राहून एक हात बावड्याच्या रस्त्याकडे केला, दुसरा उजळाईवाडीकडे, आणि तिसरा बाहेर काढायला रेनकोटची बटणं सोडू लागला.