कोऱ्या कंप्युटरवरची परीक्षा

दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते ओळ न् ओळ तपासून दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे काकांचा डीबगर. एकोणीस वर्षं तो त्यांनी एकट्याने पोसला. नवी आवृत्ती गिऱ्हाइकांना पाठवायची, तर तीन जातींच्या कंप्युटरांसाठी तीन वेगळी पॅकेजं बांधायला लागत, आणि बांधायच्या सदतीस पायऱ्या फक्त काकांच्या डोक्यात होत्या. काका रजेवर गेले की आवृत्तीही रजेवर जायची.

त्यांची पुतणी त्यांचीच साहेब झाली, त्याला सहा महिने झाले होते. तिला हे काम काकांनी शिकवलं, नोकरीला त्यांनीच चिकटवलं, आणि हे ऑफिसच्या लिफ्टवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. तिला त्याचा वीट आला होता. थोरल्या साहेबांनी तिला बजावलं होतं, ज्या दिवशी कोणीही परका माणूस हे पॅकेज बांधू शकेल, त्या दिवशी काकांची खुर्ची हलवायची. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. पुतणीने त्यांना यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सदतीस पायऱ्यांची एक कमांड करा, सांभाळायला सोपं जाईल, एवढंच ती म्हणाली.

काका हात धुवून त्या कामाच्या मागे लागले. चार महिन्यांत तिन्हीचं एक पॅकेज केलं, कोणाच्या कामाला न येणारे जुने तुकडे उपटून टाकले. रोज संध्याकाळी तिच्या टेबलाशी येऊन आज किती ओळी कमी झाल्या ते सांगायचे. ती छान म्हणायची आणि पुढचं काम उघडायची.

परीक्षेला नवा कोरा कंप्युटर मांडला आणि रिसेप्शनिस्टला बसवलं. तिने कमांड दिली. चौथ्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळ आली आणि सगळं थांबलं. काकांच्या स्वतःच्या कंप्युटरवर तेच सकाळपासून पाचदा बिनबोभाट झालं होतं.

थोरले साहेब पुतणीला दाराबाहेर घेऊन गेले. एवढा खटाटोप करूनही जमत नसेल तर नसती डोकेदुखी नको, म्हणाले. काकांना दोन वर्षं राहू दे, जुनंच चालू दे.

ती आत आली. काकांचे कान लाल झाले होते. त्यांनी एक तास मागितला. राहू द्या आता, इतकं तिने म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"घ्या," ती म्हणाली.

काकांनी पॅकेज बांधणाऱ्या प्रोग्रॅमवर आपलाच डीबगर लावला. वीस मिनिटांत सापडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा: एक चिमुकली सेटिंगची फाइल त्यांनी पहिल्या वर्षी स्वतःच्या कंप्युटरवर हाताने ठेवली होती आणि पॅकेजात घालायला विसरले होते. त्यांच्या कंप्युटरला ती नेहमी मिळायची, म्हणून कधी कळलंच नाही. त्यांनी ती आत घातली. रिसेप्शनिस्टने पुन्हा कमांड दिली आणि सहा मिनिटांत पॅकेज तयार झालं. टाळ्या एकट्या काकांनी वाजवल्या.

मग पुतणीने त्यांना मीटिंगच्या खोलीत नेऊन खुर्ची हलवायचं सांगितलं. सांगताना तिला लाज वाटायला हवी होती. तिला हायसं वाटलं. मग काकांनी विचारलं.

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मघाशी बिघडलं तेव्हा?"

"तेव्हा साहेब म्हणाले, नाही जमत तर काकांना राहू दे."

"मग तो तास कशाला दिलास?"

"तुम्ही मागितलात, काका."

त्यांनी मान डोलावली. उठताना त्यांना आठवलं, त्या फाइलविषयी दोन ओळी लिहून ठेवायच्या राहिल्या होत्या. जायच्या आधी लिहू का, असं त्यांनी विचारलं.

"नको," पुतणी म्हणाली, "आता ते कोणालाही कळेल."