मामांचा अंगठा

“पाय जरा आत वळवा, मामी. अजून थोडा. बस्स, आता हलू नका.”

मामी हलल्या नाहीत. मला तिथेच शंका आली. असा पाय वळवताना माणूस निदान ‘स्स’ तरी करतो. घोटा सुजून टम्म झाला होता, कडेने हिरवा-पिवळा पडला होता, आणि मामी एक्स-रेच्या टेबलावर छताकडे बघत शांत पडून होत्या. पाय जणू शेजारणीचा होता.

बाहेर बाकावर मामा बसले होते. मामा म्हणजे मामींचे यजमान, आमच्या हॉस्पिटलचे ड्रेसर. प्लास्टर रूममध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. सगळे त्यांना ‘एक्सरेमामा’ म्हणत. एक्स-रे काढायचा मी आणि नाव त्यांचं. कुणी लंगडत आला की मामा त्याला स्टुलावर बसवत, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेत आणि घोट्याच्या हाडामागून अंगठा सावकाश खाली नेत. “दुखलं की बोलायचं. इथे लाजायचं नाही.” मग निकाल द्यायचे. “मुरगळलाय नुसता. बर्फ लावा, पट्टी बांधतो, पाय उशीवर ठेवा.” नाहीतर, “मोडलंय. फोटो काढून या.” तो निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझी फिल्म नंतर येऊन त्यावर फक्त सही करायची.

“मामा, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय,” मी म्हणायचो.

“पाय कुठला, नुसता अंगठा देतोय,” ते म्हणायचे.

एकदा चहा पिताना त्यांनी मला गुपित सांगितलं होतं. “अंगठा हाडावर ठेवायचा, पण डोळे तोंडावर. हाड कुठे बोलतं? तोंड बोलतं. ओठ जरा जरी आवळला ना, की समजायचं.”

मामी बालवाडीत आया होत्या. पाच आठवड्यांपूर्वी तिथल्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला. मामांनी घरीच पाय मांडीवर घेतला, अंगठा फिरवला, तोंडाकडे बघितलं आणि बोटांपासून वरपर्यंत सुरेख पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “मुरगळलाय. आठवड्यात पळायला लागेल.” मामी चौथ्या दिवशीच कामावर गेल्या. पाच आठवडे त्या पायावर त्या पोरांच्या मागे पळत होत्या. आज सकाळी बालवाडीच्या बाईंनी त्यांना जबरदस्तीने रिक्षात घातलं, म्हणून त्या माझ्या टेबलावर होत्या.

फिल्म दिव्यावर लावली. हाड मोडलेलं होतं, सरकलेलं होतं, आणि वाकड्या जागीच जुळायला लागलं होतं.

“मामी, पहिल्या दिवशी दुखत होतं ना?”

“होतं की.”

“मग मामांनी दाबलं तेव्हा बोलला का नाहीत?”

त्या उठून बसल्या. पदर सारखा केला. “लग्न झालं त्याच आठवड्यात माझं डोकं दुखत होतं. तेव्हा हे म्हणाले, दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून येतो गं, घरात तरी नको. हसत हसत म्हणाले, गमतीतच म्हणाले असतील. मीच ते धरून बसले. मग सवयच लागली. त्यांना सांगू नका हां.”

मला मामांचा राग आला. मग मामींचाही आला. मग मी नुसताच फिल्म हातात घेऊन उभा राहिलो.

सांगायची गरज पडली नाही. मामा आत आले, फिल्म बघितली, आणि चष्मा काढून पुन्हा बघितली. मागोमाग डॉक्टर आले, म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आत धातूची पट्टी टाकावी लागेल. चालता येईल, थोडं लंगडत.

“आणि पळता?” मामींनी विचारलं.

“पळायचंय कशाला आता?”

“बालवाडीतली पोरं चालत नाहीत हो,” मामी म्हणाल्या. “दार उघडं दिसलं की रस्त्यावर धावतात.”

डॉक्टर मान खाली घालून चिठ्ठी लिहू लागले. ते काम गेलं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. दारातून सिस्टर हळूच म्हणाली, “दिव्याखाली अंधार.” मामांनी ते ऐकलं. त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही.

ऑपरेशनपर्यंत कच्चं प्लास्टर घालायचं होतं. मी मामींची खुर्ची ढकलत प्लास्टर रूममध्ये नेली. “दुसऱ्या कुणाला सांगू का?” मी मामांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बादलीत पाणी घेतलं, प्लास्टरची पट्टी भिजत घातली, स्टुलावर बसले आणि बायकोचा पाय मांडीवर घेतला. पट्टी उचलायच्या ऐवजी त्यांनी अंगठा घोट्यामागे ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“दुखलं की बोलायचं,” ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

मामींचा चेहरा तसाच, स्वच्छ पुसलेल्या पाटीसारखा. मामा त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. हजारो चेहरे वाचलेला माणूस, पण इथे त्यांना एक अक्षर लागत नव्हतं.

“मीच सांगितलं होतं ना तुला? घरात कण्हायचं नाही म्हणून?”

“तुमच्या लक्षात आहे?”

“आत्ता आठवलं. फिल्म बघताना.”

मामींनी खिडकीकडे बघितलं.

“बोल ना,” मामा म्हणाले.

“दुखतं,” मामी म्हणाल्या. इतक्या हळू, की मला ओठांवरून कळलं.

“केव्हापासून?”

मामींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

“पायाचं विचारताय?”

मामांनी पाय तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि मी दार लोटून बाहेर आलो. एकतीस वर्षांत त्यांनी प्लास्टरची एकही पट्टी वाया घालवली नव्हती. मी परत गेलो तेव्हा भिजत घातलेली पट्टी बादलीतच घट्ट झाली होती.